ऑफिसात जातीवरून त्रास होतोय: तक्रार सीआरडीकडे करावी की ईईओसीकडे, आणि अर्जात नेमकं काय लिहावं?

जय भीम.

इतर वाचकांसाठी प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही कॅलिफोर्नियात सँटा क्लॅरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत एच-१बी व्हिसावर आहात आणि आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेली याचिका, मंजूर झालेली आहे. टीममध्ये बहुतेक भारतीय, मॅनेजरही भारतीय. गेल्या वर्षी कॉलेजातल्या एका ओळखीच्याने तुम्ही 'कोट्यातून' आल्याचं जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर सांगितलं. त्यानंतर डिझाइन रिव्ह्यूची निमंत्रणं थांबली, तुम्ही उभं केलेलं मॉड्यूल दुसऱ्याकडे गेलं आणि वार्षिक रेटिंग घसरलं. एचआरला तोंडी सांगितलंत, तर 'कास्ट आमच्या पॉलिसीत नाही' असं उत्तर मिळालं. आता हातात पीआयपी, म्हणजे 'ठरलेल्या मुदतीत काम सुधारा' असा लेखी कागद, पडला आहे. सरकारकडे जावं का, कुठे, कसं, नाव गुप्त राहील का आणि व्हिसाचं काय, हे तुम्हाला विचारायचं आहे.

मी कॅलिफोर्नियात कामगारांच्या बाजूने रोजगार कायद्याची कामं करतो. तुमची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत, त्यामुळे केस 'जिंकता येईल की नाही' यावर बोलणार नाही. बाकी सगळं सांगतो.

आधी डोक्यातलं भारतातलं चित्र बाजूला ठेवा. जातीवरून अपमान झाला म्हटलं की आपल्याला १९८९चा ॲट्रॉसिटी कायदा, पोलीस ठाणं, एफआयआर, अटकपूर्व जामीन आठवतो. इथे त्यातलं काही नाही. हे दिवाणी, प्रशासकीय प्रकरण असतं. कोणाला अटक होत नाही, आणि तक्रार मुख्यतः कंपनीविरुद्ध असते. मॅनेजरवर वैयक्तिक जबाबदारी येऊ शकते, पण ती कॅलिफोर्नियाच्या कायद्यात आणि छळाच्या आरोपापुरतीच. बढती नाकारली, रेटिंग पाडलं, नोकरीवरून काढलं, अशा निर्णयांसाठी उत्तर कंपनीला द्यावं लागतं. 'त्याला धडा शिकवायचाय' म्हणून येणाऱ्यांना मी हे पहिल्याच भेटीत सांगतो, कारण नंतर निराशा होते.

तपास करणारी संस्था तुमच्यावर अन्याय झाला का हे बघत नाही, हेही तेवढंच महत्त्वाचं. मॅनेजर वाईट असू शकतो, पक्षपाती असू शकतो, आपल्या मित्राला पुढे ढकलणारा असू शकतो. अमेरिकेत यातलं बरंचसं कायदेशीर आहे. संस्था एवढंच तपासते, की तुमच्याबाबत घेतलेला निर्णय कायद्याने संरक्षण दिलेल्या कारणावरून घेतला का. म्हणजे तुमची जात मॅनेजरला कधी कळली, त्यानंतर काय बदललं आणि इतरांना तीच वागणूक मिळाली का. तुमचा अख्खा अर्ज या तीन गोष्टींवर उभा राहील.

आता जायचं कुठे. दोन दारं आहेत. एक केंद्राचं, इक्वल एम्प्लॉयमेंट ऑपॉर्च्युनिटी कमिशन, म्हणजे ईईओसी. ती १९६४च्या सिव्हिल राइट्स ॲक्टखाली वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि राष्ट्रीय मूळ यांवरचा भेदभाव बघते, कंपनीत किमान १५ कर्मचारी असतील तर. दुसरं राज्याचं, कॅलिफोर्निया सिव्हिल राइट्स डिपार्टमेंट, म्हणजे सीआरडी. २०२२च्या जुलैपर्यंत याचं नाव डीएफईएच होतं, म्हणून जुन्या बातम्यांत ते नाव दिसेल. राज्याच्या कायद्याला पाच कर्मचारी पुरतात, आणि छळाच्या तक्रारीसाठी तर एकच. दोन्हींच्या फॉर्मवर 'कास्ट' असा वेगळा रकाना शोधत बसू नका. राज्याच्या कायद्यात 'ॲन्सेस्ट्री', म्हणजे कोणत्या घराण्यात-कुळात जन्मलात, हे स्वतंत्र कारण आहे आणि जात त्यात सरळ बसते. केंद्राच्या कायद्यात ते नाही, तिथे वंश, राष्ट्रीय मूळ, धर्म यांचा आधार घ्यावा लागतो.

तुमच्या जागी मी सीआरडीकडे जाईन. मुदत जास्त मिळते, हे एक कारण. भरपाईचं गणित हे दुसरं: केंद्राच्या कायद्यात मानसिक त्रासाची आणि दंडात्मक भरपाई मिळून कमाल मर्यादा आहे, ५००हून अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपनीलाही ३ लाख डॉलर. राज्याच्या कायद्यात अशी मर्यादा नाही. तिसरं म्हणजे, जात हा विषय सीआरडीने स्वतः कोर्टात नेलेला आहे. ईईओसीचा सध्याचा कल वेगळा आहे. २०२५च्या फेब्रुवारीत तिच्या प्रमुखांनी जाहीर केलं, की व्हिसाधारकांना अमेरिकन कामगारांपेक्षा झुकतं माप देणाऱ्या कंपन्यांकडे त्या लक्ष देणार आहेत. याचा अर्थ तुमची तक्रार तिथे फेकली जाईल असा नाही, पण निवड करताना हे माहीत असावं. दोन्ही संस्थांमध्ये काम वाटून घेण्याचा करार आहे, त्यामुळे एकीकडे दिलेली तक्रार दुसरीकडेही नोंदवून घेता येते. तसं हवंय हे स्पष्ट सांगा, गृहीत धरू नका.

सीआरडीने नेलेली केस म्हणजे सिस्को या टेक कंपनीची. २०२०च्या जूनमध्ये राज्याने ती दाखल केली. सॅन होझेतल्या मुख्यालयात काम करणाऱ्या एका दलित इंजिनिअरला जातीवरून डावललं, वरिष्ठाने त्याच्या आयआयटी प्रवेशाचा संबंध आरक्षणाशी जोडून इतरांना सांगितलं, आणि २०१६च्या नोव्हेंबरमध्ये त्याने एचआरकडे तक्रार केल्यावर जातीवरचा भेदभाव बेकायदा नाही असं उत्तर मिळालं, असे त्यातले आरोप. कंपनीने ते नाकारले. २०२३च्या एप्रिलमध्ये राज्याने दोन वरिष्ठ इंजिनिअरांविरुद्धचा दावा स्वतःहून मागे घेतला, कंपनीविरुद्धचा तेव्हा चालू ठेवला. आपल्या ग्रुपांवर याचं 'केस हरली' असं रूपांतर झालं, ते चूक. तसंच दुसरं: २०२३च्या ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी जातीवरचं एसबी-४०३ बिल व्हेटो केलं, म्हणून 'आता कॅलिफोर्नियात संरक्षण नाही' असं सांगितलं जातं. व्हेटोचं त्यांनी दिलेलं कारण नेमकं उलटं होतं: जातीवरचा भेदभाव आहे त्या कायद्यांनीच निषिद्ध आहे, वेगळं बिल नको. एचआरने 'पॉलिसीत नाही' म्हटलं की हाच मुद्दा लेखी पाठवा.

मुदतीचं नीट लक्षात घ्या. सीआरडीकडे घटनेपासून तीन वर्षं मिळतात. ईईओसीकडे मूळ मुदत १८० दिवस, आणि जिथे राज्याचीही अशी संस्था आहे तिथे ३००. कॅलिफोर्नियात म्हणून ३००. सुट्ट्या, वीकेंड सगळे धरून. ईईओसीचं घड्याळ सुरू होतं ते निर्णय कळवला त्या दिवशी, तो अमलात आला त्या दिवशी नव्हे. दोन महिन्यांची नोटीस देऊन काढलं, तर ते दोन महिने मुदतीतूनच वजा होतात. यात बरेच जण फसतात. एचआरची अंतर्गत चौकशी चालू आहे म्हणूनही हे घड्याळ थांबत नाही. मॉड्यूल काढून घेणं, रेटिंग पाडणं, पीआयपी ही वेगवेगळी कृत्यं आहेत आणि प्रत्येकाची मुदत वेगळी चालते. टेबलावरचे टोमणे, टाळणं, चेष्टा ही छळाची सलग मालिका मानता येते. तिच्यातली एक घटना मुदतीत असेल तर आधीच्या घटनाही विचारात घेता येतात.

दुसऱ्या राज्यांतल्यांसाठी धावती नोंद. न्यू यॉर्क राज्यात २०२४पासून तीन वर्षं, न्यू जर्सीच्या संस्थेकडे १८० दिवस, पण तिथे संस्थेकडे न जाताही थेट राज्याच्या कोर्टात दोन वर्षांच्या आत जाता येतं. सिॲटल शहराने २०२३मध्ये जातीवरच्या भेदभावाला नाव घेऊन बंदी घातली, देशात तसं करणारं ते पहिलं शहर.

आता मूळ मुद्द्यावर, अर्जातल्या मजकुरावर. लोक वकिलावर खर्च करायला तयार असतात आणि हा मजकूर रात्री साडेअकराला फोनवर टाइप करून मोकळे होतात. मग वर्षभर त्याच परिच्छेदाचे परिणाम भोगतात, कारण त्यात नसलेला मुद्दा पुढे कोर्टात मांडू देत नाहीत असं होऊ शकतं. माझ्याकडे येणारे मसुदे साधारण असे असतात:

'माझा मॅनेजर पहिल्यापासून जातीयवादी आहे. तो माझं सतत खच्चीकरण करतो. पूर्ण टीम त्याला सामील आहे. मी दिवसरात्र मेहनत करूनही माझ्यावर घोर अन्याय झाला.'

यात तपासण्यासारखं एकही वाक्य नाही. शिवाय 'पहिल्यापासून' हा शब्द तुमच्याच विरुद्ध जातो, कारण जात कळण्याआधीपासून तो असाच वागत असेल तर कारण जात नव्हतं, असं कंपनी म्हणेल. तोच प्रकार असा लिहा:

'मी दलित आहे. १२ मार्चला कॅफेटेरियात सहकारी अ याने मॅनेजर ब आणि आणखी तिघांसमोर सांगितलं की मी आरक्षणाच्या जागेवर इंजिनिअरिंगला होतो. ब म्हणाला, "तरीच." २६ मार्चपासून मला डिझाइन रिव्ह्यूच्या यादीतून वगळलं. यादीतले बाकीचे पाच जण तसेच राहिले, माझ्या माहितीप्रमाणे त्यांत कोणी दलित नाही. ब यानेच आधीच्या दोन्ही वर्षी मला अपेक्षेपेक्षा सरस असं रेटिंग दिलं होतं. मी एचआरला तोंडी तक्रार केली ती ९ सप्टेंबरला. २ ऑक्टोबरला पीआयपी मिळाला.'

'ज्या मॅनेजरने चांगलं रेटिंग दिलं तोच भेदभाव कसा करेल?' हा कंपन्यांचा ठरलेला बचाव असतो. तुमच्या बाबतीत तो उलटतो, कारण चांगली रेटिंगं जात कळण्याआधीची आहेत. म्हणून ती जेवणाची तारीख हा तुमच्या केसचा कणा आहे. कॅलेंडर, बिल, चॅट, काहीही असो, ती तारीख पक्की करा.

एक अडचण आपल्याला लक्षातच येत नाही. समोरचा अधिकारी कदाचित फ्रेस्नोचा किंवा ओकलंडचा असेल. एकसारख्या रंगाच्या दोन भारतीयांमध्ये एकाला दुसऱ्याची जात कळते कशी, हे त्याला समजावून सांगावं लागतं. आपल्याला 'पूर्ण नाव काय?', 'मूळ गाव कुठलं?', 'तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा?', 'लग्न तुमच्यातच केलं का?' हे प्रश्न कुठे चाललेत ते क्षणात कळतं. 'कर' लागलेल्या आडनावावरून अंदाज येत नाही म्हणूनच पुढचे प्रश्न येतात. जानवं आहे का बघायला पाठीवर थोपटणं हाही प्रकार इथे ऐकायला मिळतो. असं काही घडलं असेल तर प्रश्न जसाच्या तसा लिहा, मूळ मराठीत किंवा हिंदीत, आणि खाली दोन ओळींत तो प्रश्न का विचारतात ते सांगा. लांबलचक इतिहास नको. मनुस्मृतीपासून सुरुवात करणारे अर्ज मी पाहिले आहेत. अधिकारी तिसऱ्या पानावर थकतो आणि रेटिंगचा मुद्दा सातव्या पानावर असतो.

रकान्यांवर खुणा करताना कंजूषी करू नका. ॲन्सेस्ट्री, वंश, वर्ण, राष्ट्रीय मूळ, जे लागू वाटतं ते, आणि तक्रारीनंतर त्रास वाढला असेल तर 'रिटॅलिएशन' म्हणजे सूड हा रकाना नक्की. ईईओसीकडे येणाऱ्या साधारण निम्म्या तक्रारींत सुडाचा आरोप असतो. बऱ्याचदा मूळ भेदभाव सिद्ध होत नाही आणि सूड सिद्ध होतो, कारण तिथे तारखाच बोलतात. कंपनीचं नाव डब्ल्यू-२वर, म्हणजे पगार-कराच्या वार्षिक फॉर्मवर, आहे तसं लिहा. कन्सल्टन्सीमार्फत दुसऱ्या कंपनीत काम करणाऱ्यांनी दोन्ही नावं द्यावीत.

हे करण्याआधी एचआरला एक ईमेल पाठवा, आजच. तोंडी सांगितलेलं नाकारणं सोपं असतं. चार-पाच ओळी पुरतात, पण त्यात 'कास्ट आणि ॲन्सेस्ट्रीवरून डिस्क्रिमिनेशन' हे शब्द हवेत. 'टॉक्सिक', 'अनफेअर', 'रिस्पेक्ट मिळत नाही' असं लिहिलेल्या ईमेलला सुडापासून संरक्षण मिळेलच असं नाही. प्रत स्वतःकडे ठेवा.

पुरावे गोळा करताना दोन गोष्टी करू नका. पहिली, मीटिंगचं गुपचूप रेकॉर्डिंग. कॅलिफोर्नियात खासगी संभाषण सगळ्यांच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करणं गुन्हा आहे, भारतातल्या अनुभवावर जाऊ नका. दुसरी, कंपनीचा कोड, क्लायंटच्या फायली, सगळा मेलबॉक्स स्वतःच्या जीमेलवर पाठवणं. कंपनीला तुम्हाला काढायला आयतं कारण मिळतं. त्याऐवजी तुमच्या पर्सोनेल फाइलची लेखी मागणी करा. राज्याच्या कायद्याने ती ३० दिवसांत द्यावी लागते. घडलेल्या गोष्टींची तारीखवार नोंद घरच्या वहीत किंवा स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवा, ऑफिसच्या नव्हे.

प्रक्रिया तशी सरळ आहे. सीआरडीच्या पोर्टलवर किंवा ८००-८८४-१६८४ या क्रमांकावर फोन करून प्राथमिक अर्ज द्यायचा. मग अधिकारी मुलाखत घेतो. त्यांच्या कक्षेत बसत असेल तर तेच तक्रारीचा मसुदा करतात, तुम्ही सही करता आणि ती कंपनीला जाते. इंग्रजीत बोलायला संकोच वाटत असेल तर दुभाषा मागा. पोर्टलवर 'तात्काळ राइट-टू-सू' असाही पर्याय दिसतो. तो लवकर निकाल लागावा म्हणून दाबू नका. तो घेतला की सीआरडी तपासच करत नाही, फक्त कोर्टात जाण्याची परवानगी देते आणि दावा दाखल करायला एक वर्ष सुरू होतं. वकील ठरलेला असेल तरच तो पर्याय. ईईओसीचं राइट-टू-सू पत्र आलं तर त्यानंतर फक्त ९० दिवस मिळतात. ते पत्र पोर्टलवर येतं, म्हणून ईमेलचा स्पॅम बघत राहा.

तपासाला महिने लागतात, वर्षही लागू शकतं. मधे कंपनीचं उत्तर येतं, त्यात तुमचं काम कसं खालावलं होतं याचं वर्णन असतं. वाचून रक्त उसळेल. त्यावर मुद्देसूद उत्तर द्या, त्यांच्या प्रत्येक तारखेला तुमची तारीख. मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर मी सहसा जायला सांगतो. रेटिंग दुरुस्त करून घेणं, दुसऱ्या टीममध्ये बदली, तटस्थ शिफारस, पैसे, हे सगळं तिथे मागता येतं. कोर्ट बहुतेक पैशांतच बोलतं.

व्हिसा. या संस्था तक्रारदाराच्या इमिग्रेशन दर्जावरून तक्रार नाकारत नाहीत. 'व्हिसा रद्द करायला लावू' अशी धमकी दिली तर ती कॅलिफोर्नियात स्वतःच बेकायदा आहे. पण खोटा दिलासा देत नाही: तक्रार प्रलंबित आहे म्हणून तुमचा दर्जा टिकत नाही. नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत आणि तेवढ्यात नव्या कंपनीने अर्ज दाखल केला पाहिजे. आय-१४० मंजूर असल्यामुळे 'कंपेलिंग सर्कमस्टन्सेस' वर्क परमिटचा एक मार्ग आहे, त्यात कंपनीशी वाद किंवा सूड हेही कारण धरलं जातं. मात्र त्यावर काम करायला लागलात की एच-१बी दर्जा सुटतो, म्हणून इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय नको. नोकरी शोधायला आत्तापासून लागा. दुसरीकडे गेलात म्हणून तक्रार मरत नाही.

नाव गुप्त राहणार नाही. कंपनीला तक्रारीची प्रत जाते आणि तुमचं नाव कळतं. कोर्टात गेल्यावर टोपणनाव मागता येतं. सिस्कोच्या केसमध्ये तो इंजिनिअर 'जॉन डो' आहे, आणि २०२२मध्ये अपील कोर्टाने म्हटलं की टोपणनावाचा विचार करताना भारतातल्या कुटुंबीयांना होऊ शकणारा धोकाही खालच्या कोर्टाने बघायला हवा होता. तुम्ही परभणीतल्या आईवडिलांबद्दल विचारलंय, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

शेवटचं, पीआयपीबद्दल. त्याची मुदत संपताना बहुधा सेव्हरन्सचा कागद पुढे येईल, काही आठवड्यांचा पगार आणि खाली 'सर्व दावे सोडतो'. सही केलीत तरी संस्थेकडे तक्रार करण्याचा हक्क कागदाने काढून घेता येत नाही, पण त्यातून पैसे मिळवण्याचा हक्क बहुतेकदा जातो. कॅलिफोर्नियात असा कागद वकिलाला दाखवायला किमान पाच कामकाजी दिवस द्यावे लागतात, आणि वय ४० किंवा त्याहून अधिक असेल तर केंद्राच्या कायद्याने किमान २१ दिवस. एचआर 'आज पाचपर्यंत' म्हणालं तरी तेवढे दिवस घ्या. कामगारांच्या बाजूचे अनेक वकील पहिल्या भेटीचे पैसे घेत नाहीत आणि फी वसुलीच्या टक्केवारीवर ठरवतात, साधारण एक तृतीयांश ते ४० टक्के. त्या भेटीला जाताना तारखांची वही, दोन्ही जुनी रेटिंगं, पीआयपीचा कागद आणि एचआरला पाठवलेला ईमेल घेऊन जा.